रिस्क रजिस्टर भरलेलं आहे, तरी दर स्प्रिंटला धक्का का बसतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नऊ जणांची टीम, एका एनबीएफसीसाठी (बँक नसलेल्या वित्तकंपनीसाठी) कर्जाचं मोबाइल अ‍ॅप, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे ठरावीक टप्पे. पीएमओच्या (प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाच्या) आग्रहाखातर चाळीस ओळींचं रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, ठेवलंय, दर महिन्याला त्यावर मीटिंगही होते. अजाईल कोचचं (छोट्या टप्प्यांत काम करायला शिकवणाऱ्याचं) म्हणणं, स्क्रममध्ये, म्हणजे या स्प्रिंटवाल्या पद्धतीत, रजिस्टर लागतच नाही, छोटे स्प्रिंट हीच रिस्क मॅनेजमेंट. आणि एवढं असूनही दर दुसऱ्या स्प्रिंटला काहीतरी फुटतंच, वर क्लायंट ‘नक्की तारीख सांगा’ म्हणून मागे लागलेला. मग बरोबर कोण, पीएमओ की कोच?

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. तुमच्या त्या चाळीस ओळी एकदा शांतपणे वाचून काढा. बँकेकडून ॲक्सेस उशिरा मिळेल, सीनियर माणूस सोडून जाईल, यूएटीला (क्लायंटने स्वतः करायच्या चाचणीला) क्लायंटची माणसं वेळ देणार नाहीत. गेल्या काही महिन्यांत जे जे फुटलं त्यातलं बरंचसं तिथे आधीच लिहिलेलं सापडेल, असा माझा अंदाज आहे. धोका दिसला होता, नोंदला होता, त्याला लाल रंगही दिला होता. पण त्या लाल ओळीमुळे सोमवारच्या प्लॅनिंगमध्ये एक तरी स्टोरी (कामाचा एक छोटा तुकडा) वर सरकली का? तुमचा खरा प्रश्न हा आहे. रजिस्टर एका शीटमध्ये, काम जिरा या कामं नोंदवायच्या टूलमध्ये, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.

कोचचं म्हणणंही तपासून घ्या. दोन आठवड्यांनी डेमो झाला की आपण भलतंच काही बांधत नाही ना, हे लवकर कळतं, हे खरं. पण त्यासाठी डेमोला खरं वापरणारं किंवा निर्णय घेणारं माणूस हवं, आणि त्या दोन आठवड्यांत घेतलेलं काम धोक्याचं हवं. दहा स्प्रिंट सोपे स्क्रीन करत राहिलात तर धोका दहा स्प्रिंट जिथल्या तिथे बसून राहतो.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट मान्य करतो: बरंच काही तुमच्या करारावर अवलंबून आहे. फिक्स्ड बिड (आधीच ठरलेली रक्कम) असेल तर अनिश्चिततेची किंमत तुमची कंपनी मोजते आणि क्लायंटला ती ऐकण्यात रस नसतो. टाइम अँड मटेरियल (लागेल त्या वेळेचे पैसे) असेल तर तोच क्लायंट स्कोपबद्दल बोलायला तयार होतो. प्रॉडक्ट ओनर (काय आधी बांधायचं ते ठरवणारा) क्लायंटकडचा आहे, की तुमचाच एखादा बिझनेस ॲनालिस्ट त्याची टोपी घालून बसलाय, यानेही फरक पडतो. एनबीएफसी म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालचं काम, त्यामुळे ‘आधी टाकू, मग सुधारू’ हे सगळीकडे चालणार नाही. माझा अनुभव मुख्यतः याच प्रकारच्या, पैसे हलवणाऱ्या सिस्टिम्सचा आहे. गेमिंग किंवा मीडियावाल्यांनी यातलं काही सरळ सोडून द्यावं.

आता मुद्द्याचं. अजाईल टीमच्या हातातलं रिस्कवरचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे बॅकलॉगचा, उरलेल्या कामांच्या यादीचा, क्रम. कुठली गोष्ट आधी करायची, बस्स. बाकीची तंत्रं त्यानंतरची.

तुमच्याच अ‍ॅपचं घेऊ. रजिस्ट्रेशन, केवायसी, ऑफर, बँक खात्याची पडताळणी, ई-मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी), आणि शेवटी पैसे खात्यात. ग्राहक ज्या क्रमाने स्क्रीन पाहतो त्याच क्रमाने टीम ते बांधायला घेते. पहिल्या तीन स्प्रिंटचे डेमो देखणे होतात, क्लायंट खूश, वेलोसिटी (दर स्प्रिंटला संपणारं काम) छान. विहिरीला पाणी लागतंय का ते न बघता बंगल्याला रंग देण्यासारखं आहे हे. कारण या अ‍ॅपमधलं जे आपल्याला माहीत नाही ते जवळजवळ सगळं शेवटच्या तीन पायऱ्यांत आहे आणि तिथे समोर बँक आहे, पेमेंट पार्टनर आहे, त्यांच्या इन्फोसेकचे (माहिती सुरक्षा विभागाचे) फॉर्म आहेत.

खातं पडताळणी म्हणजे पेनी ड्रॉप. ग्राहकाच्या खात्यात एक रुपया टाकायचा, बँक खातेदाराचं नाव परत पाठवते, ते आपण केवायसीवरच्या नावाशी जुळवतो. सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या खोट्या सिस्टिममध्ये) हे पाच मिनिटांत चालतं, कारण तिथे एक ठरलेलं टेस्ट नाव परत येतं आणि ते नेहमीच जुळतं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या सिस्टिममध्ये, काय येतं? आपल्याकडे जुन्या खात्यांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पॅनवर नाव आधी. लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललेलं, दुसरीकडे तसंच. कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे नाव मध्येच कापलेलं, काही बँकांकडून तर नाव येतच नाही. तुमचं मॅचिंग लॉजिक सोलापूरच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या खातेदारावर चालेल की नाही, हे सँडबॉक्स तुम्हाला कधीच सांगणार नाही. आणि नाव जुळलं नाही तर काय करायचं, कर्ज अडवायचं की माणसाकडून तपासून घ्यायचं, हा मुळात बिझनेसचा निर्णय आहे. तो क्लायंटकडून निघायला आठवडे लागतात. हा प्रश्न दुसऱ्या स्प्रिंटमध्ये वर आला तर ती चर्चा होते. नवव्यात आला तर त्याला एस्केलेशन (वरिष्ठांपर्यंत गेलेली तक्रार) म्हणतात.

म्हणून मी अशा प्रोजेक्टमध्ये पहिल्या एकदोन स्प्रिंटमध्ये एक कुरूप पण सलग धागा मागतो: कंपनीतल्याच एखाद्या माणसाचं अगदी छोटं कर्ज, फॉर्म साधा एचटीएमएल, ऑफर हार्डकोड, पण पेनी ड्रॉप खरा, मँडेट खरा, पैसे खरोखर खात्यात. त्याला क्लायंटची लेखी परवानगी लागते आणि ती मिळवायला घाम फुटतो, पण ती मिळवताना कोणाच्या कोणत्या सह्या लागतात, आयपी व्हाइटलिस्टिंग (आपल्या सर्व्हरला आत यायची परवानगी) कोण करतं, सर्टिफिकेट कोणाच्या नावे निघतं, हे सगळं कळतं. प्रॉडक्शनवर जाणं अगदीच शक्य नसेल तर निदान क्लायंटच्या नेटवर्कमधून बँकेच्या यूएटी सिस्टिमपर्यंत एक रिक्वेस्ट जाऊन परत आली पाहिजे. डेमोत दाखवायला काही नसतं, एक लॉग असतो. प्रॉडक्ट ओनरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या डेमोला तोंड पडतं.

यासाठी स्पाइक, म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं छोटं काम, वापरतात हे तुम्हाला माहीत असेलच. फक्त स्पाइक कसा लिहिता याकडे बघा. ‘ई-मँडेट एपीआयचा अभ्यास करणे’ हा स्पाइक कधी संपत नाही. शेवटी एक पीपीटी मिळते. ‘नेट बँकिंग नसलेला ग्राहक नुसत्या डेबिट कार्डवर मँडेट पूर्ण करू शकतो का, आपल्या पार्टनरकडे कोणत्या बँकांसाठी?’ याला उत्तर आहे, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ऑफरचा अख्खा फ्लो बदलतो. स्पाइकला दोन-तीन दिवसांची मर्यादा, शेवटी हो किंवा नाही, आणि त्यातला कोड फेकून द्यायचा. तो कोड हळूच मेन ब्रँचमध्ये घुसतो, त्याला खमकेपणाने अडवायला लागतं.

पण हे झालं माहीत असलेल्या धोक्यांचं. जे कुठल्याच रजिस्टरमध्ये असू शकत नाही त्याचं काय?

२ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवेत, मधल्या कोणाच्या पूल अकाउंटमधून (सगळ्यांचे पैसे एकत्र ठेवलेल्या खात्यातून) नकोत. सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यायचं. कर्ज परत करून बाहेर पडायला कूलिंग ऑफचा काळ द्यायचा. आधीपासून चालू असलेल्या डिजिटल कर्जांसाठी मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत. त्यावेळी ज्यांचं अ‍ॅप मध्यस्थाच्या खात्यातून पैसे फिरवत होतं त्यांच्यासाठी ते फीचर नव्हतं, पोटावरचं ऑपरेशन होतं. मे २०२५ मध्ये हे सगळं नव्या निर्देशांच्या रूपात पुन्हा बांधलं गेलं, काही भर घालून. असा नियम कधी येईल आणि त्यात काय असेल, याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. पण नियम कशाला हात लावतात ते ठराविक असतं: पैसे कोणाकडून कोणाकडे जातात, सहीआधी काय दाखवायचं, किती दिवसांची मुभा द्यायची. या तीन जागा कोडमध्ये वेगळ्या ठेवा. डिस्बर्समेंट (पैसे देण्याचा भाग) एका मॉड्यूलच्या आड, ग्राहकाला दाखवायचे कागद टेम्प्लेटमध्ये, दिवसांचे आकडे कॉन्फिगरेशनमध्ये आणि ‘कधीपासून लागू’ या तारखेसह.

ती तारीख लोक विसरतात. २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलची बैठक ३ सप्टेंबरला झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मध्ये तीन आठवडेसुद्धा नाहीत. ज्या बिलिंग सिस्टिममध्ये दर टेबलात होता पण तारीख नव्हती, तिथे २० तारखेला विकलेला माल २५ तारखेला परत आला की क्रेडिट नोट नव्या दराने निघायची भीती. बदल येणार हे धरून चाललात की अशा तारखेच्या कॉलमचा खर्च नगण्य असतो. सगळंच कॉन्फिगरेबल करायला मात्र जाऊ नका. ते इंजिन बांधता बांधता प्रोजेक्ट संपतो.

आणि जागा मोकळी ठेवा. स्प्रिंट शंभर टक्के भरलेला असेल तर अचानक आलेलं प्रत्येक काम हे संकटच होणार. किती जागा ठेवायची? यावर वाद घालण्याऐवजी मोजा. स्प्रिंट सुरू झाल्यावर मध्येच घुसलेल्या प्रत्येक तिकिटाला एक लेबल लावा. पाच-सहा स्प्रिंटनंतर बघा. काय घुसेल हे सांगता येत नाही, पण किती घुसतं हे बऱ्याच टीममध्ये आश्चर्य वाटावं इतकं स्थिर असतं. माझ्याकडे ते साधारण क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलंय, प्रॉडक्शन सपोर्ट त्याच टीमकडे असेल तर जास्त. तेवढी जागा रिकामी सोडायची आणि डिलिव्हरी मॅनेजरला तो आकडा दाखवायचा. ‘बफर’ म्हटलं की तो कापला जातो, मागच्या सहा स्प्रिंटचा हिशोब दाखवला की सहसा कापला जात नाही.

आता तारखेचं. क्लायंट एक तारीख मागतो आणि आपण सरासरी वेलोसिटीने भागाकार करून ती देतो. यात कुठे गडबड होते ते एका बनवलेल्या उदाहरणाने दाखवतो. समजा गेल्या आठ स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोरी ५, ८, ३, ७, ६, ९, ४, ६. सरासरी ६. बॅकलॉगमध्ये ६० स्टोरी, म्हणून १० स्प्रिंट. पण सरासरीवर काढलेली तारीख गाठण्याची शक्यता साधारण निम्मी असते, म्हणजे तुम्ही क्लायंटला नाणेफेकीचा निकाल आधीच सांगून टाकलात. त्याऐवजी शीटमध्ये त्या आठ आकड्यांतून यादृच्छिक आकडे उचलत ६० पूर्ण व्हायला किती स्प्रिंट लागतात हे हजार वेळा चालवून बघा. इंडेक्स आणि रँडबिटवीन ही दोन फंक्शन पुरतात. वरच्या आकड्यांना ११ स्प्रिंटमध्ये साधारण ८५ टक्के वेळा काम संपतं. एकाच स्प्रिंटचा फरक, मग एवढा आटापिटा कशाला असं वाटेल.

गंमत पुढे आहे. त्या ६० स्टोरी ६० राहत नाहीत. मोठ्या स्टोरी फुटतात, यूएटीत नवीन निघतात, कंप्लायन्सवाले दोन आणून टाकतात. त्या ७५ झाल्या की तोच हिशोब १३-१४ स्प्रिंटवर जातो. म्हणजे टीमच्या वेगातल्या चढउताराने एक स्प्रिंट हलला आणि स्कोपच्या वाढीने तीन. तरी आपण रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढाव्यात) वेलोसिटी कशी वाढवायची यावर बोलत बसतो! तुमच्या मागच्या एखाद्या रिलीजमध्ये सुरुवातीच्या स्टोरी आणि शेवटच्या स्टोरी मोजा, वाढीचं प्रमाण कळेल, तेच पुढच्या अंदाजात धरा. क्लायंटला मग असं सांगता येतं: आजच्या यादीला ११ स्प्रिंट, यादी नेहमीसारखी वाढली तर १४, आणि डिसेंबरची तारीख हलवता येत नसेल तर या बारा स्टोरी आत्ताच बाहेर काढू. दर स्प्रिंटनंतर हाच आकडा पुन्हा काढून पाठवायचा. तारीख सरकताना क्लायंटला आधीपासून दिसत असेल तर तो चिडतो, पण बोलतो. शेवटच्या आठवड्यात कळलं तर थेट तुमच्या व्हीपीला फोन जातो.

फिक्स्ड बिडमध्ये हे बोलणं अवघड आहे, मान्य. तिथे निदान आतल्या आत तरी खरा आकडा ठेवा.

रिलीजबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. छोटे रिलीज, आधी थोड्या ग्राहकांना, मागे फिरण्याचा रस्ता तपासलेला, आणि फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायचं बटण). पण फ्लॅग हाही एक धोका आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचा नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठवा राहून गेला. नव्या फीचरसाठी त्यांनी एक जुना, वापरात नसलेला फ्लॅगच पुन्हा वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं बंद पडलेला कोड जागा केला, आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तेव्हा फ्लॅग बनवतानाच तो काढून टाकायची स्टोरी बॅकलॉगमध्ये टाका, आणि जुनं नाव पुन्हा वापरू नका.

सगळ्यात चिवट भाग माणसांचा. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) ‘काही ब्लॉकर?’, म्हणजे काही अडलंय का, विचारलं की ‘नो ब्लॉकर’ हे उत्तर इतकं पाठ झालेलं असतं की आपण ऐकतही नाही. ‘ऑलमोस्ट डन’ तीन दिवस चालतं. अडलंय असं म्हणणं म्हणजे आपल्याला जमत नाही असं म्हणणं, हे बऱ्याच जणांच्या मनात कॉलेजपासून बसलेलं आहे, आणि ऑनसाइटवाले किंवा क्लायंट कॉलवर असतील तर विचारूच नका. मी प्रश्न बदलला: ‘हे शुक्रवारपर्यंत होईल यावर पाचापैकी किती बोटं?’ सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची. दोन बोटं दाखवणं हे अपयश कबूल करण्यापेक्षा सोपं जातं. प्लॅनिंग पोकरमध्येही (पत्ते टाकून कामाचा अंदाज बांधताना) तेच. एकाने ३ टाकले, दुसऱ्याने १३, की ‘चला ८ धरू’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या १३ वाल्याला असं काहीतरी माहीत आहे जे बाकीच्यांना नाही, किंवा उलट. आधी दोघांना बोलू द्या, आणि टेक लीडने सगळ्यात शेवटी.

रिलीजच्या सुरुवातीला एकदा आणखी एक करा. सगळ्यांना सांगा: सहा महिने गेलेत, प्रोजेक्ट पार बुडालाय, का बुडाला ते लिहा. पाच मिनिटं, चिठ्ठीवर, नाव न घालता. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत, प्री-मॉर्टेम म्हणतात. ‘काय चुकू शकतं’ या प्रश्नाला लोक भिडस्त उत्तरं देतात, ‘बुडालाच आहे’ म्हटलं की ज्युनियर मुलंसुद्धा नेमकं लिहितात. एकदा चार चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आलं होतं: सेटलमेंटची फाइल फक्त एकालाच कळते.

त्यावरून माणूस सोडून जाण्याचं. आपल्याकडच्या आयटीत हा धोका म्हणून लिहिणंच मला विनोदी वाटतं. कोणीतरी जाणार हे धरूनच चाला, आणि बोनस खात्यात पडल्यानंतरच्या महिन्यांत जास्त. नोटीस पीरियड साठ-नव्वद दिवसांचा असतो, पण शेवटच्या महिन्यातलं नॉलेज ट्रान्सफर म्हणजे रेकॉर्ड केलेले टीम्स कॉल, जे नंतर कोणी उघडत नाही. त्यापेक्षा आत्ता एक नियम करा: ज्याला एखादा भाग सगळ्यात चांगला येतो त्याने त्या भागातल्या पुढच्या स्टोरीत कीबोर्डला हात लावायचा नाही, शेजारी बसून सांगायचं. दोन स्प्रिंट काम हळू होतं. ती घट प्लॅनिंगमध्ये धरा आणि प्रॉडक्ट ओनरला उघड सांगा.

राहिला पीएमओ. रजिस्टर बंद करायला जाऊ नका, ऑडिटला ते लागतं आणि तुमची शक्ती त्या भांडणात जाईल. त्यात फक्त एक कॉलम वाढवा: जिरा नंबर. प्रत्येक ओळीसमोर एक तर स्टोरीचा किंवा स्पाइकचा नंबर हवा, नाहीतर ‘स्वीकारला’ आणि तो कोणी स्वीकारला त्याचं नाव. तिसरा पर्याय ठेवायचा नाही. ‘मॉनिटर करत आहोत’ हा शब्दप्रयोग शीटमधून काढून टाका. माझा अंदाज, चाळीसपैकी दहाएक ओळींना नंबर मिळेल, काही स्वीकारल्या जातील आणि उरलेल्यांचं काय करायचं हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या सरळ खोडा. आणि स्वीकारलेल्यांपैकी ज्या क्लायंटच्या बाजूच्या आहेत, उदाहरणार्थ यूएटीसाठी शाखेतली माणसं न मिळणं, तिथे तुमचं नाव घालू नका. क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव घाला आणि ती शीट त्यांना सीसीमध्ये पाठवा. पहिल्या मेलला बहुधा तासाभरात फोन येईल. तो घ्या, यूएटीची माणसं मिळण्याचा रस्ता त्या फोनमधूनच निघतो.